देवकाबाईंच्या धर्मशाळेचं पुस्तक

हिंगणघाटच्या देवकाबाई धर्मशाळेला कुलूप लागून अकरा वर्षं झाली होती आणि आता ती पाडायचं घाटत होतं. वाचनालयातून निवृत्त झालेले प्रभाकरराव ती वाचवायला दोन वर्षं नगरपालिकेच्या कचेरीच्या पायऱ्या चढत होते. तेवढ्यात तीन साहेब बदलले. प्रत्येक नवा साहेब पहिल्यापासून विचारी, इमारत जुनी आहे याला पुरावा काय?

पुरावा होता. १९२८ साली छापलेलं धर्मशाळेच्या हकिगतीचं पुस्तक त्यांच्यापाशी होतं. दुसरी प्रत त्यांना नागपुरातही मिळाली नव्हती. कापसाचे व्यापारी हिरालाल वारल्यावर त्यांच्या विधवेनं, देवकाबाईंनी, दवाखान्यात आजारी माणूस घेऊन आलेल्या परगावच्या लोकांसाठी ही इमारत बांधली, हे त्यात नकाशासकट दिलं होतं.

शेवटच्या सुनावणीसाठी कचेरीनं सगळ्या पानांच्या झेरॉक्स मागितल्या. आदल्या दुपारी पानं तपासताना प्रभाकररावांच्या लक्षात आलं, शेवटची आठ पानं कडेला जोडलेलीच होती, छापखान्यातल्या घड्या कधी कापल्याच नव्हत्या. तिथं नुसती सूची असेल असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांनी भाजीच्या सुरीनं हळूहळू घड्या कापल्या.

आत देवकाबाईंनी सांगून लिहवून घेतलेला मजकूर होता. माझ्या नावासाठी ही इमारत राखू नये. दाराला कुलूप लागेल त्या दिवसापासून ती माझी नव्हे. मग ती उतरवावी आणि तिच्या विटांनी दवाखान्यापाशी लोकांना बसायला जागा करावी.

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बायकोला, सुलोचनाबाईंना, वाचून दाखवलं. सुलोचनाबाईंनी दोन वर्षं त्यांच्या गुडघ्यांना तेल लावलं होतं.

"हे पानं नाई देले तं कोणाले समजते?" त्या म्हणाल्या.

ज्या पुस्तकाच्या जोरावर आपण गावभर बोलत फिरलो, ते आपण पुरतं वाचलंही नव्हतं, हेच प्रभाकररावांना लागून राहिलं.

सुनावणीत त्यांनी सगळी पानं दिली. साहेबांनी शेवटचं पान वाचलं आणि चष्मा काढला. हे तर तुमच्याच विरोधात जातं, तुम्हाला नक्की काय हवंय, असं त्यांनी विचारलं.

"कुलूप काढा," प्रभाकरराव म्हणाले. "नसन जमत तं पाडा. पण विटा दवाखान्यात द्या."

साहेबांनी ते लिहून घेतलं. घरी जाताना वाईट वाटेल अशी प्रभाकररावांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांना फक्त झोप येत होती.

कुलूप निघालं नाही. चैत्रात धर्मशाळा पाडली. बऱ्याच विटा ट्रॅक्टर भरून कुठं कुठं गेल्या. उरलेल्या मिळवायला प्रभाकररावांना पुन्हा पाच खेपा घालाव्या लागल्या. शेवटी दवाखान्याच्या फाटकाशी एक लांब ओटा झाला, वर पत्रे बसले. नावाची पाटी लावायची का, असं गवंड्यानं विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं.

महिन्याभरानं ते तिकडून चालले होते. ओट्यावर खेड्यातली एक बाई डबा उशाशी घेऊन पडली होती. ते टेकल्यावर तिनं पाय आखडून जागा केली.

"तुमचा पेशंट कोन्त्या वार्डात हाये, बाबा?"

"कोणी नाई, बाई. थकलो म्हणून बसलो."

बरं, असं म्हणून तिनं पुन्हा डोळे मिटले.