गुरुवारचा मलिदा

शालोम वाकरूळकर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण चेहरा नक्की पाहिला असेल. चाळीस वर्षांत काकांनी मराठी सिनेमात अकरा इन्स्पेक्टर, सहा सरपंच आणि तीन पाद्री केले. पाद्री यासाठी, की ज्यू आणि ख्रिस्ती यांतला फरक विचारायला निर्मात्यांना कधी सवड झाली नाही. आकुर्डीच्या कंपनीत लेथ चालवता चालवता ते कामगारांच्या नाट्यस्पर्धांतून वर आले. एकदा हीरोची भूमिकाही चालून आली होती. पण शूटिंग शनिवारचं, आणि शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत काका कामाला हात लावत नाहीत. हीरो दुसरा झाला. काका त्याच सिनेमात हवालदार झाले, सोमवार ते गुरुवार.

सत्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःचा पहिला सिनेमा दिग्दर्शित करायला घेतला. मी त्यांची सहायक, विजयश्री. म्हणजे सेटवर ओरडायला आणि ओरडा खायला नेमलेली बाई.

सिनेमातला एक प्रसंग काकांच्या अगदी जिवाचा होता. मलिद्याचा. नवस फिटला की त्यांच्या ज्यू समाजात एलियाहू पैगंबराच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं ताटात मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि सगळे मिळून खातात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. भाऊबंद एकेक करून इस्रायलला गेले, तेव्हापासून काकांच्या चिंचवडच्या घरी दहा जण जमलेच नाहीत. बारा वर्षं मलिदा झाला नव्हता. "निदान पडद्यावर तरी होऊ दे गं," ते मला म्हणायचे.

दहा पुरुष मी मिळवले, चाकणच्या कारखान्यांतले. त्यांची सुट्टी गुरुवारी आणि काकांना वर्ज्य शनिवार. मी गुरुवार ठरवला आणि स्वतःवरच खूश झाले. सोसायटीचा हॉल सहापर्यंत आमचा होता, मग तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता.

ताट सजलं. दहा जण टोप्या घालून बसले. काकांनी प्रार्थना म्हटली, सगळे "आमेन" म्हणाले, ताट फिरलं आणि दहांतल्या कोंडीरामने हात मागे घेतला.

"न्हाई सर. आज गुरुवार हाय. दत्ताचा उपास."

विचारलं तर दहापैकी सातांचा उपवास! मी इथेच वाढलेली. गुरुवारी आमची अर्धी वसाहत साबुदाण्यावर असते, हे मी विसरलेच कशी? मी कपाळावर हात मारून घेतला.

आमचे निर्माते ज्ञानेश घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाले, "अहो राव, ॲक्टिंगच आहे ना? घास तोंडात घ्या, कट म्हटलं की थुंकून टाका!"

"मलिदा थुंकायचा?" काका कडाडले. "शनिवारपायी मी हीरो झालो नाही, ज्ञानेश. आता यांनी माझ्यासाठी गुरुवार मोडायचा? जमणार नाही."

"मग सीनचं काय?"

काका पाटावर बसून ताटातले पोहे उगाच सारखे करत राहिले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले आणि माझा मलाच भयंकर राग आला. पावणेसहा वाजत आले होते.

कोंडीराम कळवळला. "सर, मला नको आसं कुठं म्हनलो मी? देवाचं हाय. घरी न्हेतो की. सांच्याला ह्याच्यावरच उपास सोडतो."

त्याने खिशातून रुमाल काढला, झटकला, मांडीवर पसरला आणि दोन्ही हात पुढे केले. बाकी सहांनीही रुमाल काढले.

"कॅमेरा चालू कर," काका माझ्याकडे न बघताच म्हणाले.

एकेकाच्या रुमालात त्यांनी मूठभर मलिदा घातला. तिघांनी खाल्ला, सातांनी गाठी मारल्या. दुपारपासून खांबासारखे ताठ बसलेले ते दहा जण आता नातेवाईक वाटत होते. सहाला पाच मिनिटं असताना शॉट झाला.

साडेसातला आम्ही टपरीवर चहा घेत होतो. काकांचा फोन वाजला. कोंडीरामने फोटो पाठवला होता: देव्हाऱ्यापुढे वाटीत मलिदा, भोवती बायको, पोरं, म्हातारी. मग दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला. एकाच्या आईने विचारलं होतं, यात वेलची किती घालायची?

"सात घरं," काका म्हणाले. "आईच्या वेळेलासुद्धा आमचा मलिदा एवढ्या घरांत गेला नव्हता." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "वेलचीचं तू लिही. मला दिसेना झालंय."