उलटं ठेवलेलं इंजिन

निवृत्तीनंतर दिगंबर सर भेस्तानच्या घरात अकरा वर्षं एकच इंजिन बांधत होते. ते इंधनाशिवाय अवकाशयान ढकलेल, असं सर सांगत. हिरे तोलायच्या काट्यावर ते चालू केलं, की वजन किंचित घटायचं. भौतिकशास्त्र शिकवणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी शर्वरी ते पाहायला आली.

“सर, उलटं ठेवून बघू या? रेटा खरा असेल तर आता वजन वाढेल.”

सरांनी इंजिन उलटं ठेवलं. वजन पुन्हा घटलंच.

“तापलेली हवा त्याला उचलते आहे, सर,” ती हळूच म्हणाली.

“बांधायला घेतल्यापासून पाचव्या वर्षीच मला हे सुचलं होतं,” सर म्हणाले. “उलटं ठेवायचा धीरच झाला नाही.”

सर चालू इंजिनाकडे बघत बसून राहिले.