दहा किलोच्या आत

अकरा कुत्री, अकरा दोऱ्या, कमरेच्या पट्ट्याला चार कड्या, पाण्याची दोन भांडी, एक बाटली, पिशव्यांचं एक गुंडाळं आणि गार्बान्झोच्या गळ्यात अडकवलेली पुठ्ठ्याची एक पाटी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी रेल्वेच्या कुंपणालगतच्या फरसबंद वाटेवर मी पाऊल ठेवलं तेव्हा माझ्याजवळ एवढं होतं. पाटीवर मी लिहिलं होतं : ‘कृपया मला खायला देऊ नका. माझी मुलाखत आहे.’

गार्बान्झो म्हणजे काबुली चणा. रंग तसाच, आणि आकारही जवळपास तसाच. त्याचं वजन भरलं होतं तेरा किलो चारशे ग्रॅम, आणि ते दहाच्या आत आणायचं होतं.

त्याची मालकीण, एर्मिनियाबाई, ज्यांना सगळे मानाने दोन्या एर्मिनिया म्हणतात, न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या वृद्धाश्रमात गेल्या. घर पुतणीने भाड्याने दिलं, कारण वृद्धाश्रमाचा खर्च त्यातूनच निघणार होता. कुत्र्याला तात्पुरतं इमारतीच्या रखवालदाराने, एलेउतेरिओंनी, तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं. वृद्धाश्रमात प्राणी चालायचा, पण दहा किलोपर्यंतचाच. मागे कधीतरी कुणाच्या तरी मोठ्या कुत्र्याने एका आजोबांना पाडलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. तिथल्या संचालिका वाईट नव्हत्या, पण पक्क्या होत्या. “नऊ नऊशे भरलं तरी मी स्वतः दार उघडीन,” मी चौकशीला गेले तेव्हा त्या म्हणाल्या. “दहा शंभर भरलं तर दाराशीच थांब.”

तिथल्या सेविकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन्या एर्मिनिया अर्धंच जेवतात. उरलेला पाव रुमालात बांधून उशाखाली ठेवतात. कुत्र्यासाठी. रात्री ती तो काढून टाकते आणि सकाळी त्या पुन्हा बांधतात.

मी कीटकशास्त्राची पदवीधर आहे. संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. निकाल एकदा पुढे ढकलला, दोनदा ढकलला, मग ती योजनाच थांबवल्याचं कळलं. तेव्हापासून मी कुत्री फिरवते. बुएनोस आयरेसमध्ये हे काम कमी समजलं जात नाही, जास्तही समजलं जात नाही. एलेउतेरिओ मला ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणायचे.

“काय शास्त्रज्ञबाई, आज किती भरला आपला चणा?”

“तेरा चारशे.”

“तेरातला तीन आणि चारशेतला चार, म्हणजे चौतीस. आज सोडतीत चौतीस लावतो. सोडतीच्या यादीत कुत्र्याचा आकडा खरं तर सहा असतो, पण हा कुत्रा थोडाच आहे, हा तर सोफा आहे.”

“लावा. पण त्याला तुमच्या ताटातलं देऊ नका.”

“मी? मी कधी दिलं?” गार्बान्झो त्यांच्या खिशाला नाक लावून उभा होता.

आमच्या धंद्यात कळप बांधायची एक पद्धत असते. ओढणारी कुत्री बाहेरच्या कडीला, भांडखोर एकमेकांपासून लांब, म्हातारी पायाजवळ. आणि एखादं कुत्रं रेंगाळत असेल तर त्याला दोन चपळ कुत्र्यांच्या मध्ये बांधायचं. मग ते आपोआप चालायला शिकतं. गार्बान्झोला मी एका शिकारी कुत्रीच्या आणि एका पांढऱ्या, अविश्रांत पूडलच्या मध्ये बांधलं. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक बाकापाशी बसायचा. दुसऱ्या आठवड्यात बसणं बंद झालं. बसलाच, तर त्या दोघी त्याला फरफटत नेत.

त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी टिपाची झाडं आहेत, वर फांद्या एकमेकींत अडकलेल्या, खाली कायम सावली. सावलीतल्या बाकांवर निवृत्त म्हातारे पत्ते खेळतात. येर्बाच्या कडू चहाचा भोपळा हातोहात फिरतो, शेजारी मेदियालूनांचा पुडा उघडा असतो. गार्बान्झोचे तीन किलो मुख्यतः त्या लोण्यातल्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या पावांतूनच आलेले. पाटी वाचून म्हाताऱ्यांनी आधी दंगा केला.

“मुलाखत? नोकरी लागतेय की काय याला? माझ्या नातवाला लागत नाहीये!”

“एवढासा तुकडा दिला तर काय होतं?”

“दोन्या एर्मिनिया तिकडे एकट्या आहेत,” मी म्हणाले. “हा बारीक झाल्याशिवाय त्याला आत घेत नाहीत.”

म्हाताऱ्यांतल्या सगळ्यात बडबड्याने, पार्मेनियोने, पुडा बंद करून कोटाखाली घातला. “बघू नकोस माझ्याकडे असा,” तो कुत्र्याला म्हणाला. “तुझ्या आईसाठी आहे हे.” त्यानंतर कुणीही त्याला काहीही दिलं नाही. एलेउतेरिओंनीही नाही. मला वाटतं, त्या वाटेवर इतक्या लोकांनी मिळून एखादी गोष्ट ठरवली आणि पाळली, असं आधी झालं नसावं.

ऑक्टोबरात वजन बारा किलो शंभर. नोव्हेंबरच्या मध्यात दहा सहाशे. दर सोमवारी मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीण सुल्मा बारेयरो यांच्या दवाखान्यातल्या काट्यावर चढवायची, आणि जाता जाता म्हाताऱ्यांना ओरडून आकडा सांगायची. ते टाळ्या वाजवायचे. तो खूप पाणी प्यायचा. दोन्ही भांडी तोच संपवायचा. मला बरं वाटायचं, पाण्याने पोट भरतं आणि वजन वाढत नाही. तो हळू चालू लागला तेव्हा मला वाटलं, आमच्याकडचा डिसेंबरचा उन्हाळा आला. मी त्याला मधल्या जागीच ठेवलं. कळपात थकलेलं कुत्रं दिसत नाही. बाकीच्यांचे पाय चालतात आणि त्याचेही चालतात असं वाटतं.

नोव्हेंबरमध्ये टिपा रडतात. म्हणजे लोक तसं म्हणतात. फांद्यांवर फेसाचे गोळे दिसतात, त्यांत किडे बसून झाडाचा रस पितात आणि जादा पाणी खाली सोडतात. सगळी वाट थेंबाथेंबाने भिजते, चालणाऱ्यांच्या डोक्यावर ठिबकतं. याच काळात वाटेवर मुंग्या झाल्या. एका लोखंडी खांबाच्या बुडाशी तर सतत काळं वलय असायचं. सगळे म्हणाले, टिपा रडतायत, चिकट झालंय सगळं.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी वजन भरलं नऊ किलो आठशे.

म्हातारे उभे राहिले. पार्मेनियोने पाटी स्वतःच्या हाताने गार्बान्झोच्या गळ्यातून काढली आणि आपल्या गळ्यात घातली. “आता मला खायला देऊ नका,” तो म्हणाला. “माझी बायको सांगून सांगून थकली.” मी संचालिकांना फोन केला. त्या म्हणाल्या, गुरुवारी आण.

कुत्र्याला सोडायला इमारतीपाशी गेले तर एलेउतेरिओ दारातल्या कुंडीवर उकळतं पाणी ओतत होते.

“या मुंग्यांनी जीव नकोसा केलाय,” ते म्हणाले. “रोज सकाळी हा बाहेर पडताना इथे पाय वर करतो, आणि दुपारी बघ, पलटणच्या पलटण! तुमच्या त्या टिपांनी वैताग आणलाय.”

मी वर पाहिलं. त्या रस्त्यावर टिपा नाहीत. तिथे चिनार आहेत, आणि दाराच्या वर तर काहीच नाही, नुसता सज्जा. टिपावरचे किडे जे पाणी सोडतात त्यात साखर जवळजवळ नसते, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. त्या खांबापाशीही गार्बान्झोच पाय वर करतो.

“काय झालं?” एलेउतेरिओ म्हणाले. “आकडा सांग की. नऊ आठशे म्हणे. अठ्ठ्याण्णव लावतो.”

“आज नका लावू,” मी म्हणाले, आणि त्याच पावली गार्बान्झोला घेऊन परत दवाखान्यात गेले. वाटेत तो दोनदा बसला. या वेळी त्याला ओढायला कुणी नव्हतं.

सुल्मा बारेयरोंनी लघवीत पट्टी बुडवली. तिचा रंग लगेच बदलला. मग रक्त घेतलं.

“मधुमेह,” त्या म्हणाल्या. “मुंग्यांनी तुझ्या-माझ्या आधी ओळखला. मी नुसता काटा बघत बसले. खूश होते मीही.”

“आता?”

“इन्शुलिन. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. चांगला जगेल. हे जे उतरलंय ना, त्यात चरबी थोडी आणि मांस जास्त आहे. ते भरून यायला हवं. अकरा-बारा किलो हे याच्या हाडापेराला योग्य वजन.”

“आणि नऊ आठशेवर ठेवून इंजेक्शन दिलं तर?”

“उपाशी ठेवून? इन्शुलिनवर असलेल्या कुत्र्याला?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू शिकलेली आहेस ना?”

मी वृद्धाश्रमात विचारलं. इंजेक्शनं ते माणसांना देतात, जनावरांना नाही. मी येऊन दिली तर? भेटीची वेळ फक्त दुपारची. बाहेरचं माणूस सकाळ-संध्याकाळ आत सोडता येणार नाही. नुसतं भेटायला आणला तर? वजनाचा नियम भेटीलाही लागू. खिडकीतून दाखवला तर? दोन्या एर्मिनियांची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकी इमारतीच्या आतल्या, उजेडासाठी सोडलेल्या पोकळीकडे. समोर भिंत, भिंतीवर पाइप. त्यांनाच खाली दाराशी आणायचं तर लिफ्ट नाही, आणि खुब्यामुळे जिना उतरवत नाही.

गुरुवारी मी एकटीच गेले. त्या खुर्चीत बसून होत्या. केस विंचरलेले, ओठांना रंग लावलेला.

“कुठाय?” माझ्या मागे बघत त्या म्हणाल्या. “खाली अडवलं का त्याला? बारीक झाला ना?”

“झाला. नऊ आठशे.”

“बघ! मी म्हटलं होतं पुतणीला. ती म्हणाली, काकू, तो जन्मात बारीक होणार नाही. तिला फोन कर आणि सांग.”

मग मी सगळं क्रमाने सांगितलं, जसं तोंडी परीक्षेत सांगतात. शेवटी म्हणाल्या, “मी टोचते त्याला. माझ्या नवऱ्याला मीच टोचायची.” त्यांनी बशीतला कप उचलला. कप बशीवर आपटत राहिला. आम्ही दोघींनी तो पाहिला. त्यांनी तो खाली ठेवला.

“टोचलं नाही तर किती दिवस?”

“थोडेच. महिना-दोन महिने.”

“आणि टोचलं तर?”

“बरीच वर्षं. पण जाडा होईल.”

“जाडाच होता,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या पाइपकडे पाहिलं. “त्याला माहीत आहे का गं, मी कुठे आहे?”

“नाही.”

“मला शोधतो?”

“सकाळी जिना चढून तुमच्या दाराशी जाऊन बसतो. एलेउतेरिओ उचलून खाली आणतात.”

“एलेउतेरिओला पाठीचं दुखणं आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी उशाखालून रुमाल काढला, सोडला, पावाचे तुकडे एकदा नीट लावले आणि परत बांधला. “टोच त्याला.”

“दोन्या एर्मिनिया, आज नका ठरवू. मी रविवारी—”

“टोच म्हटलं ना. आणि हे घेऊन जा.”

“त्याला आता पाव चालणार नाही.”

“मग तू खा. तू पण काही फार भरलेली नाहीस.”

संध्याकाळी पहिलं इंजेक्शन मी दिलं. एलेउतेरिओंनी कुत्र्याचं डोकं धरलं आणि स्वतः तोंड फिरवलं. सकाळचं ते द्यायला शिकले. कुंडीतल्या मुंग्या काही दिवसांत गेल्या. पाणी पिणं कमी झालं. जानेवारीत तो पुन्हा कळपाच्या पुढे चालू लागला, आणि पूडल मागे पडू लागली. म्हाताऱ्यांना मी आकडा सांगत नाही, आणि तेही विचारत नाहीत. पुडा मात्र अजून कोटाखालीच असतो.

नवीन वर्षाच्या पहिल्या सोमवारी दोन्या एर्मिनियांचा फोन आला. सेविकेने लावून दिला होता.

“पोरी, काय झालं गं त्या वजनाचं? आला का दहाच्या आत?”

मला आधी वाटलं, त्या चेष्टा करतायत. मग मी सगळं पुन्हा सांगितलं, मधुमेह, इंजेक्शन, वृद्धाश्रमाचं म्हणणं. मग त्यांनी विचारलं, “त्याला माहीत आहे का, मी कुठे आहे?” आणि शेवटी म्हणाल्या, “टोच त्याला.” या वेळी बराच वेळ लागला, आणि आवाज रडका होता.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. पुन्हा तोच प्रश्न. सगळं पुन्हा सांगितल्यावर त्या रडल्या, आणि काही न ठरवताच सेविकेने फोन काढून घेतला. “दिवसभर अशाच राहतात मग,” ती मला म्हणाली. “सांगू नका ना तुम्ही.”

तेव्हापासून मी सांगत नाही. म्हणते, “अजून नाही आला.” त्या म्हणतात, “मग चालव अजून. त्या पत्तेवाल्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेव, तेच चारत असतील.” मी हो म्हणते. त्या म्हणतात, “मी पाव जमवून ठेवलाय, पण देणार नाही हं. आधी आत येऊ दे.”

या सोमवारी फोन आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. गार्बान्झो काट्याच्या कडेला बसला होता. सुल्मा बारेयरो दुसऱ्या कुणाच्या मांजराला बघत होत्या.

“आत्ता बघ ना,” दोन्या एर्मिनिया म्हणाल्या. “मी थांबते.”

मी फोन कान आणि खांद्यात धरला आणि त्याला काट्यावर चढवलं. त्याने शेपटी हलवली की आकडा हलतो, म्हणून त्याच्या पाठीवर हात न ठेवता थोडा वेळ थांबले. आकडा स्थिर झाला.

अकरा किलो सहाशे ग्रॅम.