जिन्यावरची पावलं

थोरलीचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला फ्रेमा, आरसे आणि लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि त्यांवर सिनेमाच्या डिस्का. भाड्याने सिनेमे देणारी दुकानं एकेक करत बंद पडली तेव्हा तिथला माल तिने पोत्यांनी उचलला होता. "भंगार गोळा करतेस," असं नवरा म्हणायचा. पण ती जशी लेन्सला कुणाला बोट लावू देत नसे, तशी डिस्कलाही देत नसे. कडेने धरायची, उजेडात तिरपी करून बघायची आणि मगच प्लेअरमध्ये सारायची.

रविवारी दुपारी दुकान बंद असे आणि बाबा यायचे. बाबांनी जन्मभर सिनेमासाठी आवाज करण्याचं काम केलं होतं. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं पुष्कळदा त्याची नसतातच. ती नंतर एका बंद खोलीत कुणीतरी दुसराच टाकतो. कितीतरी सिनेमांत ती बाबांनी टाकली होती. खडीने भरलेली परात, मोडकी दारं, स्वतःच्या मापाचे उंच टाचांचे बूट, असा त्यांचा सगळा संसार. नाव पडद्यावर आलंच तर अगदी शेवटी, लोक पिशव्या सावरत उठून निघाल्यावर.

"हा दरवाजा माझा," बाबा मधेच म्हणायचे. "कुरकुर मात्र आपल्या कपाटाची. तुझी आई ओरडली होती, कपाट कुठे घेऊन चाललात म्हणून."

थोरली हसायची. ही गोष्ट तिने पूर्वी ऐकलेली असायची, पण तसं ती कधीच दाखवत नसे. आई गेल्यापासून रविवारची ती दुपार तिची होती. तिची एकटीची. धाकटी बहीण लांबच्या शहरात नोकरीला. तिच्या वाट्याला बाबा फोनवरच यायचे.

मग धाकटीची बदली इकडे झाली.

चार गल्ल्या सोडून तिने घर घेतलं. दिवाणखान्यात भिंतीएवढा पडदा, चारी कोपऱ्यांत स्पीकर, आणि कपाटात एकही डिस्क नाही. धाकटी सोफ्यावर पाय दुमडून बसायची, रिमोटवर चार बटणं दाबायची आणि सिनेमा विकत घेऊन मोकळी व्हायची.

"ताई, कशाला गं तो पसारा? पैसे भरले की सिनेमा आपला. धूळ नाही, ओरखडा नाही."

"आपला म्हणजे? असतो कुठे?"

"कुठेच नसतो. म्हणजे सगळीकडे असतो."



पहिल्या रविवारी बाबा धाकटीकडे गेले ते ठीकच होतं. लेक इतक्या वर्षांनी आली होती. दुसऱ्या रविवारीही गेले. तिसऱ्या रविवारी थोरलीने कॉफी करून ठेवली, आणि फोन आला. "अगं, तिने एक जुना सिनेमा शोधून काढलाय. आणि तिचा तो सोफा कमरेला बरा पडतो. तू येतेस का इकडेच?"

थोरली म्हणाली, मला काम आहे. काम काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिने आपल्याकडच्या, बाबांच्या खुर्चीला नवी, जाड उशी शिवून घेतली. बाबा एका संध्याकाळी येऊन त्या उशीवर बसले, "वा, झकास," म्हणाले, आणि कॉफी संपवून उठले.

एकदा ती धाकटीकडे डबा परत द्यायला गेली. दार उघडंच होतं. सोफ्याखाली बाबांच्या सपाता होत्या, घरात घालायच्या, नव्याकोऱ्या. तिच्याकडे बाबा इतकी वर्षं आले, पण बूट काढून मोज्यांवर बसायचे. सपाता घेऊन ठेवाव्यात हे तिला कधी सुचलंच नव्हतं. डबा ओट्यावर ठेवून ती तशीच परत फिरली. जिना उतरताना तिचं डोकं भणभणत होतं. लाडकी, ती लहानपणापासूनच लाडकी. मी त्यांना दवाखान्यात नेलं, त्यांची औषधं सांभाळली, आणि हिने काय केलं? सपाता आणल्या!

बाबांचा वाढदिवस जवळ आला. थोरलीने मनाशी बेत केला होता. बाबांचा एक सिनेमा होता, एका गोदामाच्या रखवालदाराचा. त्यात एक लांबच लांब प्रसंग होता: पडद्यावर अंधारा जिना, माणूस दिसत नाही, नुसती पावलं वर चढत येतात. रखवालदार लंगडा. बाबांनी डाव्या बुटात वाळू भरून तो जिना चढून काढला होता, दिवसभर, घोट्याची सालं निघेपर्यंत. जन्मात एवढं एकच काम मनासारखं झालं, असं ते म्हणायचे. त्या सिनेमाची डिस्क थोरलीकडे होती. वाढदिवसाला सगळ्यांना बोलवायचं आणि ती लावायची, असं तिने ठरवलं.

तिने तोंड उघडायच्या आधीच धाकटीचा फोन आला. "ताई, मी बाबांचा जिन्याचा सिनेमा विकत घेतला! सगळ्यांना बोलावलंय. तू केक आणशील?"

थोरलीच्या तोंडाची चवच गेली. "आणते," ती म्हणाली.

वाढदिवसाला धाकटीचं घर भरलं होतं. काका, मामी, पूर्वी बाबांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारा त्यांचा जुना मित्र असे सगळे. बाबा सोफ्याच्या मधोमध, पायात त्या सपाता. थोरली मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी. कुणी बस म्हटलं तरी बसली नाही.

जिन्याचा प्रसंग आला. धाकटीने आवाज वाढवला. "आता ऐका हं सगळ्यांनी. हे बाबांचे पाय!"

पावलं वाजू लागली. चारी कोपऱ्यांतून, गोल, भरदार, खोलीची फरशी हादरेल अशी. मामीने तर मागे वळून पाहिलं. पण थोरलीला पहिल्या चार पायऱ्यांतच कळलं. दोन्ही पाय सारखे पडत होते. डाव्यातली ती फरफट, वाळूचा तो बारीक चुरचुर आवाज, काही नव्हतं. ही पावलं बाबांची नव्हतीच.

तिने बाबांकडे पाहिलं. ते पुढे झुकले होते. मग हळूच मागे टेकले. त्यांनी पाणी मागितलं. त्यांचा मित्र आपल्या वयाप्रमाणे डुलक्या घेत होता, त्याचं लक्षच नव्हतं. सिनेमा संपला, टाळ्या झाल्या.

"कसं वाटलं, बाबा?"

"छान. फारच मोठ्ठा आवाज येतो तुझ्याकडे."

थोरलीला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी तिला बरंच वाटलं. बघ, म्हणाली ती मनात. एवढा पडदा, एवढे स्पीकर, आणि आणलास काय तर खोटा माल. ती त्या दिवशी कधी नव्हे ती पोटभर जेवली, धाकटीची भांडीही आवरून दिली आणि चकार शब्द न बोलता घरी आली. बाबा आता आपण होऊन येतील, डिस्क लाव म्हणतील, अशी तिची खात्री होती.

बाबा आले नाहीत. तिच्याकडेही नाहीत आणि धाकटीकडेही नाहीत. रविवारी घरीच पडून राहू लागले. मग धाकटीचा फोन आला. थोरली तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होती.

"ताई, बाबा म्हणतात त्यांना नीट ऐकू येत नाही. काही आवाज गळतात म्हणे. मी उद्या कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय."

बोलायला हीच वेळ होती. जिभेवर आलंही होतं. पण "मी नेतेय" हे शब्द तिला टोचले. दवाखाना तरी आजवर तिचा होता. आता तोही हिचा?

"ने की," थोरली म्हणाली. "मला काय विचारतेस?"

दोन-तीन दिवसांनी बाबा दुकानात आले. चष्मा सैल झालाय म्हणाले. तिने तो हातात घेतला आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"कान ठणठणीत आहेत म्हणे. वयाच्या मानाने उत्तम." बाबा हसले, पण समोरच्या आरशात पाहीनात. "म्हणजे बिघाड आणखी आत असणार गं. मला पक्कं आठवतं, मी बुटात वाळू भरली होती. पण ती दुसऱ्याच कुठल्या सिनेमात भरली असेन. किंवा भरलीच नसेन. इतकी वर्षं उगाच लोकांना सांगत सुटलो. आता काय काय विसरत जाईन, कोण जाणे."

थोरलीच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्यांच्या हनुवटीवर एक जागा दाढी करताना सुटली होती. तिला एकदम स्वतःचीच किळस आली.

"बाबा, आत चला. बसा."

तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि धाकटीला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये." बाबांना एकट्यांना ऐकवलं असतं तरी चाललं असतं. पण धाकटीने समोर बसून ते ऐकावं, तिचं तोंड पडलेलं आपल्याला दिसावं, ही हौस अजून सुटत नव्हती.

धाकटी ऑफिसातून धापा टाकत आली. थोरलीने फळीवरून डिस्क काढली, तिरपी करून पाहिली आणि लावली. जुना, छोटा टीव्ही. अंधारा जिना. आणि पावलं: एक नीट, एक फरफटत. नीट, फरफट. वाळूचा आवाज खोलीत बारीक किरकिरत राहिला.

बाबांनी तोंडावर हात धरला.

"ही तुमची," थोरली म्हणाली. "त्या दिवशीची नव्हती. कुणीतरी नव्याने आवाज चढवलाय. बाबा, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही."

धाकटीने फोन काढून काहीतरी शोधलं, आणि तिचा चेहरा उतरला. "सुधारित आवाजासह, असं लिहिलंय. बारीक अक्षरांत. जुना काढूनच टाकलाय त्यांनी."

"तू विकत घेतलेला ना? मग तुझ्या वस्तूला ते हात कसे लावतात?"

"वस्तू मिळतच नाही, ताई. बघायची परवानगी मिळते."

हे वाक्य ऐकायला थोरली कधीची टपून बसली होती. आता ते आलं, पण त्यात गोडी नव्हती. कारण धाकटी रडत होती.

"तुला वाढदिवसालाच कळलं होतं?" धाकटीने विचारलं. उत्तराची वाट न बघता तीच पुढे बोलली. "कळलं असणारच. तुला सगळं पाठ आहे. हा दरवाजा बाबांचा, ती टाप बाबांची. मी परगावी खोलीत एकटी जेवायचे, आणि तू फोनवर सांगायचीस, आज आम्ही अमका पाहिला, तमका पाहिला. माझा किती जळफळाट व्हायचा माहितेय? आले तशी एकामागून एक सिनेमे घेत सुटले. वाटलं, राहिलेले सगळे रविवार भरून काढीन."

थोरलीला हे कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. जिच्यावर आपण इतके महिने जळलो, ती इतकी वर्षं आपल्यावर जळत होती. तिने धाकटीपुढे चष्मे पुसायचं मऊ फडकं केलं. धाकटीने त्यात नाक शिंकरलं. एरवी थोरलीने तिला फाडून खाल्लं असतं.

"कान गेले म्हटल्यावर तरी सांगायचंस गं," धाकटी म्हणाली.

"हो. सांगायला हवं होतं."

"अगं, गप्प बसा दोघी!" बाबा टीव्हीला नाक लावून बसले होते. "मागे घे जरा. हां, इथे. इथे माझा तोल गेला होता. चुकलेली पायरी आहे ही. पुन्हा करू म्हणालो तर दिग्दर्शक नको म्हणाला." ते खुशीत आले होते. तोच प्रसंग त्यांनी पुनःपुन्हा लावायला सांगितला. थोरली रिमोट दाबत राहिली आणि मनाशी हिशेब करत राहिली: आता रविवार परत आपला. उशी आहेच. सपाता उद्याच आणते.

बाबा उठले, बूट घालू लागले आणि धाकटीला म्हणाले, "या रविवारी तुझ्याकडे तो नव्या आवाजाचा पुन्हा लावू. त्या दिवशी धक्क्यात मी नीट ऐकलाच नाही. नवी पावलं टाकणाऱ्या त्या माणसाने जाड तळव्याचे बूट घेतलेत, आणि जिना लाकडाचा नसावा. काम वाईट नाही. फक्त रखवालदार लंगडा आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही." ते थोरलीकडे वळले. "तूही ये. ही डिस्क घेऊन ये, म्हणजे दोन्ही लागोपाठ ऐकता येतील."

 म्हणजे खरं काय ते उघड होऊनही बाबा बसणार तिच्याच सोफ्यावर, थोरलीला वाटलं.

"तिच्याकडे प्लेअर नाहीये," ती म्हणाली. "आणि माझा इथून हलत नाही."

प्लेअर एका हाताने उचलता येईल एवढा हलका होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं. मग एक रविवार तिथे, एक रविवार इथे. चालेल?"

चालेल, ती म्हणाली. मनापासून नाही, पण म्हणाली. तसंच सुरूही झालं. धाकटीच्या रविवारी थोरली उशिरा जायची, लवकर निघायची, आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगायची की तिथे आवाज उगाच मोठा असतो.

महिन्याभराने धाकटीचा निरोप आला. "ताई, तुझ्यासारखा प्लेअर कुठे मिळेल? मीही डिस्का जमवायचं म्हणतेय."

थोरलीने तो वाचला. आता हेही हवं हिला. "मिळत नाहीत आता," असं लिहून तिने पाठवून दिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं, तिचं लक्ष नव्हतं. दुकान बंद करताना तिने पुन्हा फोन उघडला. स्टेशनमागे एक दुरुस्तीवाला आहे, जुने प्लेअर नीट करून विकतो. त्याचा पत्ता तिने धाकटीला पाठवला. खाली लिहिलं, "माझं नाव सांग, नाहीतर फसवेल."