एक्का असूनही सत्ती

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रहीमचाचांचं शिलाईचं दुकान आहे. मशीन आता त्यांचा मुलगा शहबाज चालवतो. चाचांकडे दुकानापुढचा ओटा उरला आहे. दुपारी जोहरची नमाज झाली की त्या ओट्यावर पोतं अंथरलं जायचं आणि तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत मेंढीकोटचा डाव चालायचा. खेळणारे चौघं, चौघंही सत्तरी ओलांडलेले. एका बाजूला रहीमचाचा आणि माझे आबाजी, शालिग्राम, एसटीचे निवृत्त कंडक्टर. दुसऱ्या बाजूला जुने वायरमन बाबूसिंगबाबा आणि गोपीचंदबाबा, ज्यांचं धान्याचं दुकान आता मुलं पाहतात. तीस वर्षांत भिडू बदलले नव्हते.

मेंढीकोटमध्ये चार दश्श्यांना महत्त्व. दश्शी म्हणजे मेंढी. चारही मेंढ्या एकाच जोडीनं ओढल्या की दुसऱ्या जोडीवर कोट चढला. आणि या ओट्यावरचा नियम असा, की कोट चढलेल्या दोघांनी उठून उभं राहायचं, रस्त्याकडे तोंड करायचं आणि मेंढीसारखं ओरडायचं. समोरच्या पानठेल्यापर्यंत आवाज पोचला नाही तर पुन्हा.

"आवाजच नाई आला," बाबूसिंगबाबा कानाला हात लावत. "पानठेलेवाला पुसून राह्यला, मेंढी होती का मच्छर?"

"याले काय येते ओरडाले," रहीमचाचा स्वतःच्याच भिडूवर उलटत. "जिंदगीभर घंटी वाजोली यानं. कंडक्टर, एक्का बाहेर असतानी मेंढी टाकते काय कोनी? गाडीत पॅसेंजर मोजत होता का झोपत होता बे?"

"टेलर, तू आपले काजं-बटनं पाह्य," आबाजी म्हणत. "तुया हातात हुकूम होता, तो काय पायजम्यात शिवून ठेवला होता?"

आजी, पंचफुला, गेल्यावर आबाजींचं घरातलं बोलणं जवळजवळ संपलं होतं. माझे बाबा, हरीओम, सकाळी कामावर जातात ते संध्याकाळी येतात. मी बी.एस्सी. करून गावातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते. दिवसभरात आबाजींना माणसं भेटायची ती त्या ओट्यावरच.

दिवाळीनंतर ते दोनदा घराचा रस्ता चुकले. दुसऱ्यांदा स्टँडवर सापडले. मानोऱ्याच्या गाडीत बसून होते, इंझोरीला जायचं म्हणत होते. इंझोरीतलं आमचं घर विकून वीस वर्षं झाली. बाबांनी त्यांना अकोल्याला दाखवलं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो पाहिले, आबाजींना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाचापैकी दोन आठवले. आजार सुरुवातीचा आहे, औषधानं थांबणार नाही, सावकाश झाला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर काय करतात?"

"पत्ते खेळतात," बाबा थोडे ओशाळून म्हणाले.

"कोणाबरोबर?"

"जुने मित्र आहेत तिघं."

"मग ते थांबवू नका. गोळीपेक्षा ते जास्त धरून ठेवेल त्यांना. चार माणसांत राहू द्या."

परत येताना बसमध्ये मी ठरवलं, की आबाजींचा ओटा सुटता कामा नये. दुपारी एक ते पाच लॅब बंद असते. मी त्यांना हाताला धरून ओट्यावर नेऊ लागले आणि डाव संपेपर्यंत दुकानात शहबाजभाईंच्या मशीनमागच्या स्टुलावर बसू लागले. तिथून चौघंही दिसत.

मी वही केली. तारीख, किती डाव, आबाजींच्या चुका किती, कोट किती वेळा चढला, रात्रीचं जेवण कसं, झोप कशी. चुका वाढत होत्या. कोणतं पान पडून गेलं हे त्यांच्या लक्षात राहत नव्हतं, आणि त्या खेळात लक्षात ठेवणं हेच सगळं आहे. रोज एकदा तरी कोट चढायचा. रहीमचाचा शिव्या घालायचे, दोघं उठायचे, ओरडायचे, बाबूसिंगबाबा पुन्हा ओरडायला लावायचे. पानठेल्यावरची पोरं हसायची.

कोट चढलेल्या दिवशी आबाजी अर्धी भाकर ठेवून उठत. रहीमचाचांनी पूर्वी दिलेल्या पेटीतले पत्ते खाटेवर मांडून बसत. कोणाचं पान आधी, कोणाचं मग, पुटपुटत राहत. मध्येच सगळं मोडून पुन्हा मांडत. झोपा म्हटलं तर चिडत. मी वहीत लिहिलं: बेचैन. तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या तेव्हा मला त्यात सरळ संबंध दिसला. हरलेले दिवस आणि बेचैन दिवस एकच होते.

एका दुपारी आबाजी मागे लघवीला गेले तेवढ्यात मी ओट्यावर आले.

"एक विनंती होती. आबाजी हरले की त्यांना फार त्रास होतो. जेवत नाहीत. त्यांना थोडं सांभाळून घ्याल का?"

"मंजे?" गोपीचंदबाबांनी विचारलं.

"म्हणजे कोट चढू देऊ नका त्यांच्यावर. आणि ते ओरडायला लावणं, शिव्या, ते नको."

"हरवाचं नाई तं खेळाचं कायले?" बाबूसिंगबाबा म्हणाले. "मंग भजनच करू."

"डाक्टरनं सांगतलं का असं?" रहीमचाचांनी विचारलं.

"चार माणसांत राहू द्या म्हणाले."

ते खरं होतं. पण चाचांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

रहीमचाचा पानं पिसत राहिले. "तीस वर्सात म्या त्याले एक पान फुकट नाई देलं," ते म्हणाले. मग बाबूसिंगबाबांकडे पाहून, "पोरगी शिकेल हाय. डाक्टरले पुसून आली. आपन काय जास्त समजतो का?"

दुसऱ्या दिवसापासून आबाजी जिंकू लागले.

म्हातारी माणसं वाईट नट असतात, पण त्या तिघांनी प्रयत्न केला. गोपीचंदबाबा पान टाकायच्या आधी जरा थांबत, जणू विचार करताहेत. बाबूसिंगबाबा हुकूम दाबून ठेवत. कोट चढला की आता तेच दोघं उठत आणि हलक्या आवाजात ओरडत. आबाजी त्यांना पुन्हा ओरडायला लावत नसत. चूक झाली तरी रहीमचाचा काही बोलत नसत. "होते, होते," म्हणत. ओट्यावर मशीनचा आवाज जास्त ऐकू येऊ लागला.

घरी आबाजी पूर्ण जेवू लागले. पत्ते मांडेनासे झाले. आठ वाजता खाटेवर आडवे होत. मी वहीत ओळीनं लिहिलं: शांत, शांत, शांत. बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "तुझ्या शिक्षणाचा उपयोग झाला बरं."

सोळा दिवस असं चाललं.

सतराव्या दिवशी आबाजींच्या हाती उतारी होती, म्हणजे पहिलं पान त्यांनी टाकायचं. त्यांनी आपली पानं बराच वेळ पाहिली. मग इस्पिकची दश्शी काढली आणि पोत्यावर ठेवली.

मेंढीकोटमध्ये पहिल्याच हाताला कोणी मेंढी उतरत नाही. वरची चारही पानं बाहेर असतात. कोणीही ती ओढून नेईल. माझ्यासारखीला सुद्धा हे समजत होतं. मला वाटलं, आज फारच बिघडलंय.

बाबूसिंगबाबांनी दश्शीकडे पाहिलं, मग रहीमचाचांकडे. आणि इस्पिकची सत्ती टाकली. रहीमचाचांनी अठ्ठी टाकली. गोपीचंदबाबा थोडे थांबले, त्यांनी नव्वी टाकली.

"वा, शालिग्रामभाऊ," बाबूसिंगबाबा म्हणाले. "मेंढी गेली तुमच्याकडं. चांगली उतारी केली."

आबाजींनी ती चार पानं उचलली नाहीत. वाकून त्यांनी बाबूसिंगबाबांच्या मुठीतली पानं घेतली. बाबूसिंगबाबांनी सोडली. आबाजींनी ती पोत्यावर एकेक करून उलटी केली. चौथं पान इस्पिकचा एक्का होतं. मग त्यांनी गोपीचंदबाबांची पानं घेतली. त्यात इस्पिकचा राजा होता. त्यांनी एक्का आणि राजा दश्शीच्या शेजारी नीट लावून ठेवले. एसटीत असताना तिकिटांचा ट्रे लावत तसे, कडा जुळवून.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

शहबाजभाईंनी मशीन थांबवलं.

"टेलर, तुले माईत होतं?"

रहीमचाचा म्हणाले, "शालिग्राम, आइक..."

मी त्यांना आबाजींना नावानं हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं. आबाजींनीही तीस वर्षांत ऐकलं नसावं. ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि ओरडले. मेंढीसारखं, लांब. पानठेल्यावरची माणसं वळली. एक मोटरसायकलवाला थांबला. आबाजी थोडा श्वास घेऊन पुन्हा ओरडले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. तिसऱ्यांदा आवाज फाटला आणि खोकला आला. रहीमचाचा उठायला लागले, तसा त्यांनी हातानं नको म्हटलं. चपला घालून ते रस्त्याला लागले. मी मागे धावले. त्या दिवशी ते एकही वळण चुकले नाहीत.

घराच्या दारात ते मला म्हणाले, "डोकं सडून राह्यलं हे मले समजते, पोरी. त्याईच्यासंगं हरलो का मी घरी येऊन पाहात होतो, कोठी चुकलो ते. सापडे कधीकधी."

मी वहीत बेचैन लिहिलं होतं ते हेच होतं.

त्यानंतर ते ओट्यावर गेले नाहीत. मी चपला पुढे आणून ठेवल्या तरी पाय खाली सोडत नसत. दुपारी अडीचच्या सुमारास खाटेवर उठून बसत, असर होईपर्यंत बसून राहत, मग आडवे होत. पहिल्या आठवड्यात मला आठवतात तेवढी वाक्यं दिवसाला दहा-बारा. महिन्यानं तीन-चार. मी पत्ते काढून खेळू या म्हटलं. ते खेळले. मी मनापासून खेळले आणि हरवलं. त्यांनी माझी पानं मागून घेतली, उलटी करून पाहिली आणि परत दिली. दुसऱ्या डावात ते जिंकले. पुन्हा माझी पानं मागून घेतली. असं प्रत्येक डावाला. पाच डावांनंतर त्यांनी पानं गोळा करून पेटीत ठेवली.

ओट्यावरचा डावही बंद पडला. गोपीचंदबाबा मुलीकडे रिसोडला गेले ते तिथंच राहिले. बाबूसिंगबाबा ओट्यावर येतात, मोबाईलवर काहीतरी पाहतात. चौथा भिडू शोधायचा कोणी प्रयत्न केला नाही.

अकोल्याच्या पुढच्या भेटीत पाचापैकी एकही शब्द आला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "पत्ते चालू आहेत ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, बंद आहेत. त्यांनी कारण विचारलं नाही. कागदावर लिहिलं.

फाल्गुनात, एका गुरुवारी, मी दुकानात गेले. रहीमचाचा ओट्यावर एकटेच बसले होते.

"चाचा, एकदा घरी या. त्यांच्याशी खेळा."

"खेळन का तो?"

"तुम्ही पहिल्यासारखं बोला. चिडवा त्यांना, शिव्या द्या. हरवा सरळ. तसं केलं तर कदाचित..."

"मीच गेलो असतो, पोरी," ते म्हणाले. "पन कोनत्या तोंडानं जाऊ, हे समजत नव्हतं."

शुक्रवारी जुम्याची नमाज करून ते आले. त्यांचा गुडघा वाईट आहे. मशिदीपासून आमच्या घरापर्यंत चालायला त्यांना बराच वेळ लागला असेल. पांढरा कुर्ता घामानं पाठीला चिकटला होता. दारातूनच त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली.

"काय बे कंडक्टर! गाडी डेपोत लावून झोपला काय? उठ, उठ. आज तुयी मेंढी करतो."

आबाजींनी मान वळवली. मला वाटलं, चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते सरकले आणि खाटेवर जागा केली. मी पत्ते आणले. दोघंच असल्यानं सात-आठ खेळायचं ठरलं. रहीमचाचांनी पानं वाटली.

पहिला हात चाचांनी घेतला. "हे पाह्य, घेतला. आंधळ्यासारखा टाकते पानं! लेका, तुले नोकरीवर ठेवलं कोनं होतं?"

आबाजी शांतपणे खेळत होते. दुसरा हात त्यांनी घेतला. तिसरा पुन्हा चाचांनी.

"अबे, हुकूम हाय तो हुकूम! का चष्मा बी पंचफुलाबाईसंगं गेला तुया?"

आजीचं नाव निघालं. पण पूर्वी ते असंच बोलायचे. आबाजी असंच उलटून बोलायचे. मी वाट पाहिली.

आबाजींनी हातातली पानं मिटवली. रहीमचाचांकडे नीट पाहिलं, त्यांच्या घामेजल्या कुर्त्याकडे, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताकडे. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"शिव्या द्याले बी इनंच सांगतलं काय तुले?" त्यांनी विचारलं.

रहीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलले नाहीत.

आबाजींनी दोघांची पानं एकत्र केली, कडा खाटेवर आपटून जुळवल्या आणि पेटीत भरली. पेटी त्यांनी चाचांच्या हातात दिली.

"तुयी हाय," ते म्हणाले. "घेऊन जाजो. चहा पेऊन जा."

मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी चहा ठेवला. रहीमचाचा खाटेच्या कडेला बसून तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले. कप त्यांनी स्वतःच मोरीत नेऊन ठेवला.