बाराव्या सुईची जागा

मित्रांनो, मला उचलाल तर जपून उचला. मी सुया खोचून ठेवायची एक जुनी उशी आहे, आणि अंगभर सुया घेऊन जगणाऱ्याला कुणी कौतुकाने कुरवाळत नाही. माझा देह मूठभर. वरचं कापड एकेकाळी डाळिंबी मखमलीचं होतं. आता तो रंग फक्त शिवणीच्या आत सापडेल.

माझा जन्म अमरावतीला, बुधवाऱ्यातल्या एका शिवणघरात झाला. माणिकबाईंचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्यांचे यजमान देवमनजी नाटकांसाठी, मिरवणुकांसाठी आणि शाळांच्या संमेलनांसाठी जुन्या काळचे पोशाख शिवत. मखमल त्यांनीच दिली, एका सरदाराच्या अंगरख्यातून उरलेली. पोटात काय भरायचं यावरून मात्र नवराबायकोची चांगलीच जुंपली. कापसाच्या मुलखात जन्मून माझ्या पोटात कापसाचं बोंडभरही नाही, याचं तुम्हाला नवल वाटेल. माणिकबाईंचं म्हणणं असं की कापूस ओल धरतो आणि सुया गंजतात. त्यांनी माहेरून, अंजनगावाहून, आपल्या आईची गुंतवळ आणली. विंचरताना गळलेले, वर्षानुवर्षांच्या तेलात मुरलेले ते केस. त्या तेलामुळे माझ्यातली सुई कधी गंजली नाही.

त्या घरात एक नियम होता. माझ्यात बारा सुया असत, अकरा नाहीत की तेरा नाहीत. दिवेलागणीला काम थांबलं की माणिकबाई मला मांडीवर घेत आणि एकेका सुईच्या डोक्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजत. "बारा" हा शब्द ऐकल्याशिवाय पोशाखाची घडी होत नसे आणि कुणी जागचं उठत नसे. एखादी कमी भरली, तर सगळे कपडे उलटे करून शिवण न् शिवण चाचपायची. एकदा सगळे असेच तासभर उपाशी बसले आणि सुई निघाली देवमनजींच्याच टोपीत. माणिकबाई त्यांना त्यावरून पुढे कितीतरी वर्षं चिडवत होत्या.

सुई मोडली, तर दोन्ही तुकडे डबीत टाकायचे, मगच नवी मिळे. हा नियम एकदाच मोडला, आणि तो देवमनजींनी. जाड कमरपट्टा शिवताना त्यांच्या हातची सुई मोडली. टोक डबीत गेलं. नेढ्याकडचा तुकडा त्यांनी घाईत माझ्यात खोचला आणि ते विसरले. माझ्या मऊ पोटात तो आत आत गेला. मीही त्याला विसरले.

ती माझी चांगली वर्षं होती. माणिकबाई मुलींना हातशिलाई शिकवू लागल्या. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, मग काजं, मग कशिदा. रिद्धपूरहून, दर्यापूरहून मुली येत. "मशीन पायानं चालते, टाका डोक्यानं चालते," असं त्या म्हणत. कुणी पाहुणे आले की पोशाखांआधी मला दाखवत आणि सांगत, "हे माह्या मायच्या केसायची हाय." मला त्याचा फार अभिमान वाटे.

दर दिवाळीला त्या माझी शिवण उसवून जुन्या केसांवरच नवी गुंतवळ दाबून भरत आणि पुन्हा शिवत. देवमनजी वारले त्या वर्षी ते राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. मी हळूहळू खपाटीला गेले, आणि माझ्या पोटात बुडालेला तो मोडका तुकडा डोकं वर काढू लागला. बाहेरून तो थेट सुईसारखाच दिसे.

तोवर माणिकबाईंना साखरेचा आजार जडला होता. डोळ्यांपुढे धुकं आलं होतं आणि बोटांची टोकं बधिर झाली होती. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्यांची बोटं रोज माझ्यावर चाचपडत. इतरांना त्यांनी कळू दिलं नाही. दोरा ओवायची वेळ आली की त्या सुई एखाद्या मुलीपुढे धरत आणि दरडावत, "ओव. शिकाले आली ना तू?" हे घर त्यांच्या हातांवर चालत होतं. हात गेले असं लोकांना कळलं असतं, तर मुली आल्या नसत्या आणि पोशाखांचं कामही आलं नसतं.

डिसेंबरात अकोल्याच्या एका शाळेचं काम आलं. राजकुमाराचा अंगरखा, चुणीदार बाह्यांचा. अशी बाही हातापेक्षा बरीच लांब असते आणि तिच्या चुण्या मनगटावर गोळा होतात. बाह्यांची तुरपाई दीपमालेकडे होती. दर्यापूरहून रोज बसने येणारी, बावीस वर्षांची, माणिकबाईंची सगळ्यांत गुणी शिष्या. त्या संध्याकाळी शाळेचा माणूस पोशाख न्यायला दारात उभा होता. बसची वेळ झाली होती. माणिकबाईंनी मला मांडीवर घेतलं.

"...धा, अकरा, बारा."

बारावी म्हणून त्यांचं बोट टेकलं ते त्या मोडक्या तुकड्यावर. मित्रांनो, मी ओरडले असते. पण उशीला तोंड नसतं.

दीपमाला वाकून पाहत होती. "मावशी, मले अकराच दिसून राह्यल्या. आणखी एकदा मोजता काय?"

"तीस वर्षं झाली मले मोजता मोजता. तू मले शिकवतं काय? बस, घडी कर."

दीपमालेने घडी केली.

आठ दिवसांनी पायलचे वडील आले. नितेश त्यांचं नाव. पायल नऊ वर्षांची, नाटकातला राजकुमार तीच होती. दोन प्रवेशांच्या मध्ये तिने घाईने बाहीत हात घातला आणि चुण्यांत अडकलेली सुई तिच्या तळहातात शिरली, आतच मोडली. ऑपरेशन करून तुकडा काढला होता, पण दोन बोटं सरळ होत नव्हती. उजव्या हाताची.

"सुई कोणाची होती?" नितेश ओरडले नाहीत. त्यांचा आवाज फाटलेला होता.

माणिकबाईंनी मला पुढे केलं. "माह्या बाराच्या बारा हायत, भाऊ. मी मोजल्या. आजबी मोजल्या." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग त्या दीपमालेकडे वळल्या. "तू घरून सुई आणली होती काय वं?"

दीपमालेने माझ्याकडे पाहिलं. मग माणिकबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या तिच्याकडे बघत होत्या, पण नजर तिच्या कानाशेजारच्या भिंतीवर होती. तेवढ्यात त्या पोरीला सगळं समजलं.

"हो," ती म्हणाली. "माहीच होती."

नितेश तिला जे बोलायचं ते बोलले. माणिकबाईही बोलल्या, आणि जास्त लागेल असं बोलल्या. दीपमाला पिशवी घेऊन गेली, ती परत आली नाही. महिनाभरात बाकीच्या मुलीही आल्या नाहीत. ज्या घरातून सुई लेकराच्या हातात जाते, तिथे आपली मुलगी कोण पाठवणार?

घरात दोरा ओवून द्यायलाही कुणी उरलं नाही. एका दुपारी माणिकबाईंनी स्वतःच ओवायला घेतलं. एक सुई काढली, जमलं नाही. दुसरी काढली. करता करता माझ्यातल्या सगळ्या उपसल्या. शेवटच्या एकीत कसा कोण जाणे दोरा गेला. त्यांनी ती कापडात घातली. जाईना. पुन्हा जोर लावला. मग तिचं टोक त्यांनी ओठांना लावून पाहिलं, कारण बोटांना कळतच नव्हतं. टोक नव्हतंच. रोजची बारावी हीच होती, हे माणिकबाईंना कळलं आणि त्या रडू लागल्या. मी त्यांना रडताना देवमनजी गेले तेव्हा पाहिलं होतं, पण हे रडणं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पिशवीतून जीपने दर्यापूरला गेले. दीपमाला कापूस वेचून नुकतीच घरी आली होती. बोंडांनी तिची बोटं ओरखडली होती.

"तुले अकरा दिसल्या होत्या, पोरी. मंग काहून नाई बोलली?"

"बोलली होती, मावशी. तुमीच बस म्हणाल्या."

"अन् त्या बापासमोर?"

"तुमाले दिसत नाई, हे चार लोकांत कसं सांगू?"

माणिकबाईंनी तिचे हात धरले आणि तिच्या आईसमोर, शेजारपाजाऱ्यांसमोर सांगितलं की चूक आपली, पोरीची नाही. "परत ये" असंही म्हणाल्या. दीपमालेने नकाराची मान हलवली. आता सुई हातात घेणार नाही, असं ती म्हणाली. तरी अकोल्यापर्यंत ती सोबत आली, कारण मावशींना बसची पाटी वाचता येत नव्हती.

नितेशनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यानं तिचे बोटं सरळ होईन काय?" पायल जवळ आली. तिने मला डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताच्या वाकड्या बोटाने, एकेकीला हात लावत, सुया मोजल्या.

"अकरा," ती म्हणाली. "बारावी माह्या हातात होती ना?"

मित्रांनो, मी आता माणिकबाईंच्या फळीवर पडून असते. माझ्यातून तो तुकडा काढला आहे, पण बारावी सुई त्यांनी पुन्हा खोचली नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिसतं का, हे विचारा, आणि त्याला लाज वाटणार नाही अशा रीतीने विचारा. आणि मोजणाऱ्याचा मान कितीही मोठा असो, तुम्हाला अकरा दिसल्या तर अकरा म्हणा. एकदा म्हणून कुणी ऐकलं नाही, तर पुन्हा म्हणा. घडी करू नका.