गणपतीखालची भिंत

आमच्या मंगळवेढ्यात जुना दगड नाही असं एक घर दाखवा, मी तुम्हाला हुरडा खाऊ घालते. कुणी वीरगळावर धुणं आपटतंय, कुणाच्या पायरीला देवळाची नक्षी. कॉलेजची पोरं येऊन फोटो काढतात, आम्ही आपले त्यावर पाय ठेवून चालतो.

आमच्या समोरच्या घराला तर अख्खी कोरीव चौकट. चौकट यादवांच्या काळातली, वरची कमान बादशाही, आणि चौकटीच्या माथ्यावर मधोमध गणपती. घर दोघा भावांचं, थोरला मल्लेशअण्णा आणि धाकटा शरणबसव. वाटणी झाली तेव्हा शेत, म्हशी, भांडी सगळं गुपचूप मिटलं आणि गणपतीवर अडलं. दोघांनाही तोच पाहिजे! शेवटी पंचांनी गणपतीच्या सोंडेवरून ओळंबा सोडला आणि दाराच्या बरोबर मधून भिंत घातली. एका दाराची दोन बोळकांडं झाली. चतुर्थीला दोन्ही घरांतून अर्धा-अर्धा हार यायचा. मी तर कपाळावर हात मारून घेतला.

पुढं मल्लेशअण्णाला ती भिंत सोसेना. आजारी पडल्यावर ओट्यावर बसून तो भावाला हाक मारायचा, "बसू, पाडू की रं आता."

"आदी तू हात लाव," पलीकडून उत्तर यायचं.

जो आधी पहार उचलेल त्यानं गणपती सोडला, असं दोघांनीही मनात धरलेलं. एवढी जाणती माणसं, लाज वाटायला पाहिजे होती!

श्रावणात मल्लेशअण्णा गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला भस्म लावून, मांडी घालून बसवलं. न्यायची वेळ झाली, तर मांडी घातलेला माणूस त्या बोळकांडातून निघेना. कुणीतरी म्हणालं, आडवा करून काढा. विधीला आलेल्या मठाच्या स्वामींनी साफ सांगितलं, "आडवं न्हाय न्यायचं."

मल्लेशअण्णाची बायको शिवबाई उठली, बाहेरून फिरून दिराच्या दारात गेली.

"भावजी, तुमचा भाऊ आत अडकलाय," एवढंच बोलली.

शरणबसव पहार घेऊन आला. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. घाव घालत होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. टिचभर जाडीची भिंत, बघता बघता खाली आली. मलासुद्धा रडू आवरलं नाही.

धुरळा बसला. मल्लेशअण्णा समोरच बसलेला होता, डोळे मिटून.

"अण्णा, बघ की," शरणबसव म्हणाला. "एकदा बघ की रं."